शिवणीतली माया

गेल्या जून महिन्यात माझ्या राखाडी पँटची माया संपली. ही बातमी ज्या शिंपीकाकांनी मला दिली, त्यांच्याकडे मी सत्तावीस वर्षे कपडे शिवतो आहे आणि एवढ्या काळात त्यांनी माझ्या आकारमानाविषयी एकही अनुदार शब्द उच्चारलेला नाही. त्या दिवशीही त्यांनी पँट उलटी केली, मागची शिवण दिव्याखाली धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर आलेले डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तशा सुरात ते म्हणाले, “साहेब, आता यात माया उरलेली नाही.”

ज्यांनी आयुष्यभर तयार कपडेच वापरले त्यांच्यासाठी सांगायला हवे, की शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. प्रेम, पैसा, भ्रम आणि हे दीड इंच कापड या चारही गोष्टींना मराठीने एकच शब्द दिला आहे, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाला त्यात काहीही वावगे वाटत नाही. चांगला शिंपी पँटच्या मागच्या शिवणीत माया राखतो, कारण गिऱ्हाइकाचे भविष्य गिऱ्हाइकापेक्षा त्याला अधिक स्वच्छ दिसत असते. माझ्या पँटच्या शिवणीत उसवलेल्या टाक्यांच्या तीन समांतर रेघा होत्या. पहिली, माझी बदली खाली उपाहारगृह असलेल्या इमारतीत झाली त्या वर्षाची. दुसरी टाळेबंदीनंतरची, जेव्हा घराघरांतून पाणीपुरीच्या पुऱ्या तळल्या जात होत्या आणि त्याला सगळेजण वेळेचा सदुपयोग म्हणत होते. तिसऱ्या रेघेला मात्र काहीही कारण देता येत नाही. आतून बाहेर आलेले कापड अजून नव्यासारखे गडद होते आणि बाकीची पँट विटलेली, त्यामुळे पाठीमागे कमरेपासून खाली एक काळसर पट्टा दिसू लागला होता. शर्ट बाहेर सोडण्याची माझी सवय त्यातूनच लागली.

“नवी शिवू या का?” असे शिंपीकाकांनी विचारले. मी नको म्हणालो. आजवर दरवेळी कापड सरकले होते, आता आपण सरकायचे, असे ठरवूनच मी दुकानाची पायरी उतरलो.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला असे काही ठरवले की पर्वतीवर जावे लागते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1749 साली, तिथले देवस्थान उभे राहिले आणि वर जायला 103 पायऱ्या आहेत. पायऱ्या रुंद आणि ऐसपैस असल्यामुळे पहिल्या तीसेक चढेपर्यंत माणसाला स्वतःविषयी उगीचच आदर वाटू लागतो आणि पुढच्या सत्तर पायऱ्यांत तो हळूहळू उतरतो. पहाटे साडेपाचला तिथे येणाऱ्यांपैकी बरेचजण देवाला लांबूनच हात जोडतात, मनगटावरचे घड्याळ पाहतात आणि पुढच्या फेरीसाठी परत फिरतात. तिसऱ्याच दिवशी मला तिथल्या एका कंपूने सामावून घेतले. त्यात एक निवृत्त अभियंते, एक गुरांचे डॉक्टर, एक बँकेतले अधिकारी आणि आपला व्यवसाय कधीही न सांगणारे एक गृहस्थ होते. चार फेऱ्या झाल्या की ही मंडळी खाली उतरत आणि बरोबर सात वाजता मिसळीच्या एका छोट्या हॉटेलात शिरत. पंधरा वर्षे ते पर्वती चढत होते आणि पंधरा वर्षांत त्यांपैकी कोणाचेही वजन छटाकभरसुद्धा उतरलेले नव्हते, ही गोष्ट खरे तर माझ्या पहिल्याच दिवशी ध्यानात यायला हवी होती.

मिसळीची बशी समोर आली की माणसाचे नीतिशास्त्र बदलते. तळाशी थोडे पोहे, त्यावर बटाट्याची भाजी, त्यावर मोड आलेली मटकी, त्यावर शेव-चिवड्याचा ढीग, वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि कडेला लिंबाची फोड. रस्सा वेगळ्या वाटीत येतो आणि तो किती ओतायचा हा ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाचा प्रश्न असतो. कमी ओतला तर शेव कोरडी लागते, जास्त ओतला तर तिचा लगदा होतो. या दोहोंच्या मधे, जेव्हा शेव वरून कुरकुरीत आणि खालून ओली असते, ती वेळ जेमतेम दोन मिनिटांची असते आणि त्या दोन मिनिटांत आमच्यापैकी कोणीही बोलत नसे. इतक्यात वाढणारा मुलगा हातात किटली घेऊन टेबलांमधून फिरू लागे आणि विचारी, “सॅम्पल?” पुण्यातल्या मिसळीच्या हॉटेलांत वरून घ्यायच्या रश्श्याला सॅम्पल म्हणतात. इंग्रजीत नमुना म्हणून जी वस्तू अगदी थोडी द्यायची असते, ती इथे हवी तितकी मिळते. खरी मेख पुढे आहे. सॅम्पल घेतले की पाव संपलेला असतो, म्हणून पाव मागवावा लागतो. पाव आला की तो अर्धा उरतो तोच सॅम्पल संपते, म्हणून किटलीवाल्याकडे पाहावे लागते. या दोन गोष्टी एकाच वेळी संपल्याचे मी आजतागायत पाहिलेले नाही.

मुलीने माझ्या फोनवर उष्मांक मोजणारे ॲप घालून दिले होते. त्यात ‘मिसळपाव, एक प्लेट’ अशी नोंद होती, पण सॅम्पल किती वेळा घेतले याला रकाना नव्हता. मी ती उणीव स्वतःच्या सोयीने भरून काढली, म्हणजे सॅम्पल धरलेच नाही. अभियंत्यांचा हिशेब मात्र पक्का होता. ऐंशी किलोचा माणूस एक किलोमीटर चालला तर साधारण 60 उष्मांक खर्च होतात आणि एक किलो चरबीत सुमारे 7,700 उष्मांक असतात, असे सांगून त्यांनी कागदी रुमालावर भागाकार करून दाखवला. उत्तर 128 किलोमीटर आले. एक किलो उतरवायचे तर पुण्याहून निघून पनवेल ओलांडेपर्यंत चालायचे, आणि तेही वाटेत लोणावळ्याची चिक्की न चाखता, खोपोलीला वडा न खाता, नाहीतर हिशेब पुन्हा पुण्यापासून मांडायचा. सगळेजण काही क्षण त्या रुमालाकडे पाहत राहिले. मग गुरांच्या डॉक्टरांनी त्याच रुमालाने मिशी पुसली आणि चहा सांगितला.

माझ्या लहानपणी हा हिशेब कोणालाही करावा लागला नाही, कारण हॉटेलात जाण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके होते. वार्षिक परीक्षेचा निकाल, गावाहून आलेले काका आणि लक्ष्मी रस्त्यावरची लग्नाची खरेदी, एवढ्याच निमित्तांनी आम्ही उडपी हॉटेलाची पायरी चढलो. आत गेल्यावर वडील आधी दरपत्रकाची उजवी बाजू वाचत आणि नंतर डावी. मसाला डोसे दोन येत आणि खाणारी तोंडे चार असत. चहा तीन कप सांगून चौघांत होई. आई आपल्या वाट्याचा डोसा आम्हा दोघा भावांच्या बशीत सरकवी आणि ‘मला बाहेरचं बाधतं’ असे म्हणे. तिला ते खरोखर बाधत असावे अशी माझी वीस वर्षे प्रामाणिक समजूत होती. त्या डोशाच्या कुरकुरीत कडेसाठी आम्ही भाऊ टेबलाखालून एकमेकांना लाथा मारत असू. आज तोच डोसा अर्ध्या तासात घरपोच येतो, डब्यात वाफ धरून मऊ पडलेला असतो, आणि तो टाकून द्यायला नको म्हणून मी खातो. ज्या वस्तूसाठी लाथा खाल्ल्या ती भुकेशिवाय खावी लागावी, याचे मला वजनापेक्षाही अधिक वाईट वाटते.

ऑगस्टमध्ये कार्यालयाची वार्षिक तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी वजनाच्या आकड्याकडे फारसे लक्ष न देता सरळ टेप काढली आणि माझी कंबर मोजली. 99 सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी 90 ही मर्यादा आहे. “पण मी काही लठ्ठ दिसत नाही,” असे मी म्हणालो, तेव्हा त्यांनी पुण्याचीच एक गोष्ट सांगितली. 2004 साली इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही 22.3 होता, म्हणजे कागदावर दोघे जुळे भाऊ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचाही अभ्यास केला होता. ही बाळे सरासरी 2.7 किलोची होती आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची, तरीही आपल्या एवढ्याशा बाळांनी बाकी सगळीकडे काटकसर करून चरबी मात्र बरीचशी राखून ठेवलेली होती.

डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर शिंपीकाकांचा दिवा होता. आपला देहही जुन्या वळणाचा शिंपी असला पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या ओढग्रस्तीत काढलेल्या त्या कारागिराने जन्मापासूनच शिवणीत माया दुमडून ठेवली, वरून कोणाला कळू नये अशी, उद्या लागेल म्हणून. त्याने ज्या उद्याची तजवीज केली तो मात्र मिसळ, दोन पाव आणि किटली घेऊन आला, यात त्याचा दोष नाही.

घरी हा निकाल सांगितल्यावर जे होते तेच झाले. माझी बहीण डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पंथातली, म्हणजे दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायचे. वहिनी ऋजुता दिवेकरांच्या, म्हणजे आपल्या मातीतले, आजीने वाढलेले, तुपासकट आणि थोडे थोडे खायचे. रक्षाबंधनाला दोघी एकाच टेबलावर आल्या आणि नारळीभातावर कोणाचा अधिकार मोठा यावर चर्चा रंगली. कंपूतल्या बँकवाल्यांनी दोन्ही पंथ एकदमच स्वीकारले होते. ते थोडे थोडे वारंवार खात आणि शिवाय पन्नासाव्या मिनिटाला दुसरा पाव मागवत. या विषयावर मला याहून जास्त सांगण्यासारखे काही नाही.

मी काय केले ते अगदीच अनाकर्षक आहे. पर्वतीच्या फेऱ्या चालू ठेवल्या आणि मिसळ फक्त रविवारी ठेवली. हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण सोमवारी सात वाजता त्या हॉटेलाच्या दारावरून पुढे जाणे मला पायऱ्यांपेक्षा दमवणारे ठरले, कारण आत चार जण बसलेले असत, माझी खुर्ची रिकामी असे आणि किटलीवाला मुलगा काचेतून प्रश्नार्थक हात हलवी. वजनासाठी आपण खाणे सोडतो असे म्हणतात. माझ्या अनुभवाने खाणे सुटायला आठवडा पुरला, बसणे सुटेना. शेवटी तडजोड निघाली. मी आत बसतो आणि बिनसाखरेचा चहा घेतो. मालकांनी पहिल्या दिवशी माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहावे तसे पाहिले आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. रविवारी मात्र मी सॅम्पल दोनदा घेतो, आणि आता शेव ओली होण्याची ती दोन मिनिटे मला आठवडाभर दिसत असतात. निकालाच्या दिवशीच्या डोशाची कड काहीशी अशीच लागत असे.

पितृपंधरवड्यातल्या दोन जेवणांनी आणि नवरात्रातल्या साबुदाण्याने मधे बराच घात केला. उपवासाच्या दिवशी अधिक खाणारा आपल्यासारखा दुसरा समाज पृथ्वीवर असेल असे मला वाटत नाही. तरीही ऑक्टोबरपर्यंत साडेतीन किलो उतरले आणि कंबर पाच सेंटिमीटर आत आली. हे यश इतके किरकोळ आहे, की कार्यालयात ते कोणाच्याही लक्षात आले नाही. पत्नीने मात्र पट्ट्याचे एक भोक मागे गेल्याचे पाहिले आणि “पट्टा जुना होऊन ताणला असेल,” असा निष्कर्ष काढला.

मी राखाडी पँट घेऊन पुन्हा दुकानात गेलो. शिंपीकाकांनी माझ्या कमरेभोवती टेप फिरवली, आकडा पाहिला, तो पुन्हा एकदा मोजला आणि काही न बोलता वहीत लिहिला. मग पँट उलटी करून त्यांनी तीन रेघांपैकी मधल्या रेघेवर खडू ओढला. आत जाणारे कापड चांगले इंचभर होते. ते आत राहिले तर बसताना टोचेल असे मला वाटले आणि खरे सांगायचे तर विजयाची काही निशाणी मला हवी होती, म्हणून मी म्हणालो, “काका, हे जादाचं कापूनच टाका.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि कात्री उचलून गल्ल्यामागच्या खणात ठेवली.

“दुमडून ठेवतो, साहेब,” ते म्हणाले. “दिवाळी तोंडावर आहे.”