पाडव्याचा मुहूर्त आणि 20 लाखांचा चेक

गुढीपाडव्याला ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या बुकिंग ऑफिसांत पाय ठेवायला जागा नसते. मी घरांच्या व्यवहारातली एजंट. त्या दिवशी माझ्यासोबत एक निवृत्त बसचालक काका आणि काकू होत्या. फ्लॅट 80 लाखांचा. काकांनी फंडाच्या पैशांतून 20 लाखांचा चेक लिहूनच आणला होता, कारण सेल्सवाल्यांनी फोनवर तेवढेच सांगितले होते. "ॲग्रीमेंट होईल सावकाश, ऑफर आजचीच आहे."

काका चेक देणार तेवढ्यात मी थांबवलं. घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे करारनाम्याची नोंदणी होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे इथे 8 लाख.

मॅनेजरने मला बाजूला बोलावलं. "मॅडम, तुमचं ब्रोकरेज आम्हीच देतो ना?" देतात, खरं आहे. पण एजंट म्हणून माझी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, नोंदणी आहे, आणि ग्राहकाला व्यवहाराची सगळी माहिती नि कागदपत्रं मिळवून देणं कलम 10 ने माझ्यावरच टाकलंय. 2024 पासून एजंटांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आमच्यातले बरेच जण त्यावर कुरकुरतात. मला ते हवंच होतं. माणसाची आयुष्याची पुंजी आपल्या शब्दावर दुसऱ्याच्या हातात जाते, तर कायदा माहीत नको?

मी करारनाम्याचा मसुदा मागितला. ताब्याच्या तारखेची जागा कोरी! महारेराच्या संकेतस्थळावर त्याच प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख दिलेली होती, ती मोबाइलवर उघडून दाखवली. करारात तारीखच नसेल तर उद्या ताबा रखडल्यावर व्याज मागायचं कधीपासून?

काका माझ्यावरच चिडले. "अहो, मुहूर्त टळेल!"

काकू इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी टेबलावरचा चेक उचलून पर्समध्ये टाकला. "दुसरा लिहा, आठचा. आणि तारीख घातल्याशिवाय तोही द्यायचा नाही."

मॅनेजरचे वर दोन-तीन फोन झाले. मसुद्यात तारीख आली, मग 8 लाखांचा चेक गेला. पुढे काकूंच्या नावावर करारनामा नोंदवला, त्यामुळे मुद्रांक शुल्कात महिलांची 1 टक्का सवलतही मिळाली. उरलेले 12 लाख नोंदणीची पावती हातात आल्यावरच दिले.