मेसचं वरण आणि स्वीडनची चाल

आमच्या नागपूरच्या हॉस्टेलात भुलाबाईची खरी गाणी कोणालाच धड येत नव्हती, मग काय, चाल तीच ठेवायची आणि शब्द आपले घुसवायचे, टिपऱ्या नाही तर ताट-चमचे, आणि सुरू…

मेसच्या वरणात डाळ हरवली गं,
डाळ शोधता शोधता परीक्षा आली गं,
परीक्षेचा पेपर कोराच दिला गं,
कोऱ्या पेपराचं विमान केलं गं!

विमान शेवटी वॉर्डन मॅडमच्या डोक्यावर उतरायचं, तिथवर कोणाला हसू आवरायचं नाही.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे मागच्या शनिवारी इथे स्वीडनमध्ये, उप्सालाला मला एका गास्कला नेलं. गास्क म्हणजे विद्यार्थ्यांची पंगत, पण सूटबूट घालून! युनिव्हर्सिटी १४७७ ची, आणि इथे १३ 'नेशन' आहेत, म्हणजे प्रांताप्रांताच्या पोरांचे जुने क्लब, आपल्याकडे कसे यवतमाळवाले, गोंदियावाले आपापला अड्डा करून राहतात ना तसेच, फक्त यांच्याकडे स्वतःच्या इमारती आहेत. २०१० पर्यंत तर मेंबर व्हावंच लागायचं.

तर जेवायला बसलो आणि प्रत्येकाच्या हातात गाण्याचं छोटं पुस्तक. दोन घास खाल्ले की गाणं, परत दोन घास, परत गाणं, बाप्पा, सूप थंडगार झालं माझं. गाणी कसली तर दारू, परीक्षा, रिकामा खिसा. आणि प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं 'मेलोडी: अमुक अमुक', म्हणजे आपल्या जुन्या भजनाच्या पुस्तकात 'चाल:' असतं की नाही, सेम टू सेम! आजीची वही आठवली एकदम. शेवटचं गाणं खुर्चीवर उभं राहून म्हणायचं आणि ते झालं की परत बसायचं नाही, पंगत उठली. माझा केक अर्धा राहिला तो राहिलाच.

त्याआधी मला म्हणे तुमच्याकडचं म्हणून दाखव. लाज वाटत होती, पण म्हटलं. अर्थ इंग्रजीत सांगितला तर 'डाळ हरवली'ला सगळे हसले, मेस इथून तिथून सारखीच असावी. मग सगळ्यांनी टेबल बडवून 'गं' तेवढा उचलला, तोही 'गोऽऽ' असा, कोकणात गेल्यासारखा.

शेजारच्या पोरीने आपल्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं, वर न विसरता 'मेलोडी: बुलाबाय'.