विंडोज ११वर हात बसवताना: माझा अनुभव

विंडोज १०चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आमच्या कार्यालयात मराठी टंकलेखन, हिशेब आणि पत्रव्यवहार अशी रोजची कामं करणारी यंत्रं आहेत. ती विंडोज ११वर नेणं आणि त्यानंतर लोकांचा हात पुन्हा बसवून देणं माझ्याकडे होतं. पहिला भाग अवघड नाही. टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षा चिप) असेल आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्या तोडीचा एएमडी प्रोसेसर असेल तर अपग्रेड जवळजवळ आपोआप होतं. त्रास सुरू होतो तो लोक कामाला बसल्यावर. उघड्या फाइलींची नावं खाली दिसत नाहीत, राइट क्लिक केल्यावर ओळखीच्या ओळी सापडत नाहीत आणि स्टार्ट उघडला की नको त्या गोष्टी पुढे येतात.

या तक्रारी अगदी रास्त आहेत. वर्षानुवर्षं बसलेला हात मोडला की कामाचा वेग खरोखर घटतो, आणि दिवसभरात शेकडो वेळा कराव्या लागणाऱ्या गोष्टीत एक क्लिक वाढणं ही लहान बाब नाही. पण यातली बरीच दुखणी आता सेटिंग्जमधूनच दूर होतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

त्याचं कारण असं. ऑक्टोबर २०२१मध्ये विंडोज ११सोबत आलेला नवा टास्कबार (पडद्याच्या तळाची पट्टी) हा जुन्याची डागडुजी नव्हती, तो मुळापासून नव्याने लिहिला होता. जुन्यातल्या सोयी त्यामुळे एकेक करून परत आणाव्या लागल्या. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर नेण्याची सोय २०२२च्या उत्तरार्धातल्या २२एच२ आवृत्तीत परतली. प्रत्येक खिडकीचं नाव वेगळं दाखवण्याची सोय यायला २०२३ची अखेर उजाडली. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ मात्र २०२१चे आहेत, आणि त्यात या गोष्टींसाठी रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या नोंदींचा साठा) बदलायला सांगतात. म्हणून आधी सेटिंग्ज > सिस्टिम > अबाउट इथे जाऊन आवृत्ती पाहावी. २३एच२ किंवा त्यापुढची असेल तर पुढचं बहुतेक सगळं लागू पडतं. जुनी असेल तर आधी अपडेट करावं, मग तक्रारींना हात घालावा.

परतीची वाटही आधीच पाहून ठेवावी. सेटिंग्ज > सिस्टिम > रिकव्हरीमध्ये ‘गो बॅक’ हे बटण अपग्रेडनंतर १० दिवस चालतं. कमांड प्रॉम्प्टमधल्या डिझम (DISM) आदेशाने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती मूळ १० दिवसांच्या आतच वाढवावी लागते. जुनी विंडोज सी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये जपलेली असते आणि ती बरीच जागा खाते. जागा कमी पडते म्हणून कुणी टेम्पररी फाइल्समध्ये जाऊन ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर खूण करून साफसफाई केली, की परतीची वाट संपली. निव्वळ रूप आवडलं नाही म्हणून मागे फिरू नये. एखादं जुनं सॉफ्टवेअर चालतच नसेल, त्या यंत्रासाठी ही सोय आहे.

टास्कबारपासून सुरुवात करावी, कारण सर्वांत जास्त चिडचिड तिथेच होते. त्यावरच्या मोकळ्या जागी राइट क्लिक करून टास्कबार सेटिंग्ज उघडाव्यात आणि खाली ‘टास्कबार बिहेवियर्स’ उलगडावं. ‘टास्कबार अलाइनमेंट’ लेफ्ट करावं. मधोमध असलेली बटणं नवा प्रोग्रॅम उघडला की सरकतात आणि त्यांच्यासोबत स्टार्टही सरकतो. न पाहता तिथे जाणाऱ्या हाताला ही जागा कधीच ठाम सापडत नाही. डावीकडे घेतल्यावर स्टार्ट कोपऱ्यात पक्का राहतो. त्याच यादीत ‘कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ हा पर्याय ‘नेव्हर’ करावा. वर्डच्या पाच-सहा फाइली उघड्या असताना सगळ्या एका चिन्हाखाली दडल्या, तर हवी ती शोधायला आधी माऊस वर न्यावा लागतो आणि मग इवलीशी चित्रं न्याहाळावी लागतात. पत्रांचे मसुदे त्या चित्रांत सगळे सारखेच दिसतात. नावं दिसू लागली की ‘जावक पत्र’ आणि ‘सभेचं इतिवृत्त’ एका नजरेत वेगळी कळतात. या एका बदलाने निम्मी कुरकुर थांबते असं माझं मत आहे.

दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर त्याच्या टास्कबारसाठी हाच पर्याय वेगळा दिलेला असतो. तो विसरला जातो आणि मग ‘इकडे झालं, तिकडे नाही’ असा निरोप येतो. विजेट्स आणि टास्क व्ह्यू ही बटणं बंद करावीत, सर्च नुसतं चिन्हावर आणावं. उजव्या टोकाला क्लिक करून डेस्कटॉप दाखवण्याची सवय असेल तर बिहेवियर्समधली ‘फार कॉर्नर’वाली चौकट खूण केलेली आहे ना, हे पाहावं. प्रिंटरचं किंवा अँटिव्हायरसचं चिन्ह घड्याळाशेजारी दिसत नसेल तर ‘अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स’मध्ये ते एकेक करून चालू करावं लागतं. विंडोज १०मधली ‘सगळी चिन्हं कायम दाखवा’ ही एकच कळ इथे नाही.

स्टार्ट मेनूत एक सापळा आहे. रेकमेंडेड विभाग कुणालाच नको असतो. तो रिकामा करायला पर्सनलायझेशन > स्टार्टमध्ये जाऊन लोक सगळ्या कळा बंद करतात. त्यातली ‘शो रेकमेंडेड फाइल्स इन स्टार्ट’ अशी सुरू होणारी कळ पूर्ण वाचावी: तीच कळ फाइल एक्स्प्लोररमधल्या अलीकडच्या फाइली आणि जंप लिस्टसुद्धा बंद करते. म्हणजे टास्कबारवरच्या एक्सेलवर राइट क्लिक केलं की कालच्या फाइलींची जी यादी यायची, ती येईनाशी होते. हिशेब पाहणाऱ्या माणसाचा त्या यादीवाचून फार खोळंबा होतो. तिन्ही गोष्टी एकाच कळीला बांधणं ही या रचनेतली मला सर्वांत अयोग्य वाटणारी गोष्ट आहे. मी त्या यंत्रांवर ही कळ चालू ठेवतो, नव्या ॲपच्या सूचना आणि शिफारशी एवढ्याच बंद करतो, आणि लेआउट ‘मोअर पिन्स’ करतो. त्याने नको असलेला विभाग आक्रसतो आणि पिन केलेल्या प्रोग्रॅमना जास्त जागा मिळते. २०२५च्या नोव्हेंबरपासून एकाच सरकत्या पानाचा जो नवा स्टार्ट येऊ लागला आहे, त्यात रेकमेंडेड पूर्ण घालवता येतं, पण जंप लिस्टची गाठ तिथेही सुटलेली नाही.

राइट क्लिकच्या मेनूबद्दल कारण समजून घेतलं तर राग थोडा आवरतो. जुन्या मेनूत कुठलाही प्रोग्रॅम आपली ओळ घुसवू शकत असे. त्याचा तुकडा थेट एक्स्प्लोररच्या आतच चालायचा, त्यामुळे मेनू उघडायला वेळ लागायचा आणि एखादा तुकडा बिघडला तर एक्स्प्लोररच कोसळायचा. नव्या मेनूत नव्या पद्धतीने नोंदलेल्याच ओळी येतात, बाकीच्या ‘शो मोअर ऑप्शन्स’मागे जातात. फाइली झिप करणाऱ्या सेव्हन-झिपसारखी रोजची गरज त्यामुळे आत दडते. उपाय साधा आहे: शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना पूर्ण मेनू थेट उघडतो. कीबोर्डवरून शिफ्ट + एफ१० दाबलं तरी तोच येतो. कट, कॉपी, रीनेम आणि डिलीट ही मेनूच्या कडेला नुसत्या चिन्हांची ओळ झाली होती. २४एच२पासून त्या चिन्हांखाली नावं आली आहेत. तरीही नाव बदलायला एफ२ आणि नक्कल करायला कंट्रोल + सी हीच सवय लावावी, म्हणजे पुढे मेनू बदलला तरी अडत नाही. जुना मेनू कायमचा आणण्याची रजिस्ट्रीतली युक्ती आहे आणि ती चालते. मी ती कार्यालयातल्या यंत्रांवर वापरत नाही, कारण ती केव्हा बंद पडेल याची हमी नाही आणि पुढच्या माणसाला ती कुठे केली आहे हे कळत नाही.

फाइल एक्स्प्लोररमध्ये दोनच गोष्टी लगेच कराव्यात. तीन टिंबं > ऑप्शन्समध्ये ‘ओपन फाइल एक्स्प्लोरर टू’ हे ‘धिस पीसी’ करावं, आणि व्ह्यूमध्ये ‘कॉम्पॅक्ट व्ह्यू’ चालू करावा. मूळ रचनेत ओळींमधलं अंतर बोटाने स्पर्श करणाऱ्यांसाठी वाढवलेलं आहे, त्यामुळे माऊस वापरणाऱ्याला एका पडद्यावर कमी फाइली दिसतात.

मराठी टंकलेखनाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. अपग्रेडनंतर विंडोज + स्पेस दाबलं की कधी कधी यादीत जास्तीचा इंग्रजी कळफलक दिसतो. मग एकदा दाबून मराठी यायची, तिथे दोनदा दाबावं लागतं आणि मजकुरात भलतीच अक्षरं उमटतात. टाइम अँड लँग्वेज > लँग्वेज अँड रीजनमध्ये इंग्रजीसमोरच्या तीन टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्स उघडून नको तो कळफलक काढावा. मराठीखाली इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही असतील तर ज्याचा हात ज्यावर आहे तोच ठेवावा. टायपिंग > ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये ‘प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा’ अशा अर्थाची चौकट आहे. वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी ती फार उपयोगी पडते. डाव्या ऑल्ट + शिफ्टची सवय असलेल्यांसाठी त्याच पानावरून ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ उघडावं. उघडते ती चौकट जुन्या कंट्रोल पॅनेलच्या काळातलीच आहे. युनिकोड नसलेले जुने मराठी फाँट वापरणारी डीटीपीची यंत्रं असतील तर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्जमध्ये ‘बीटा’ म्हणून असलेल्या यूटीएफ-८च्या चौकटीला अजिबात खूण करू नये. जुन्या प्रोग्रॅममधला मजकूर त्याने बिघडू शकतो.

प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ बंद करावं. ते चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर मुख्य होतो आणि पत्र भलत्याच खोलीतल्या प्रिंटरवर निघतं.

रूपच जुनं करून देणारी, मायक्रोसॉफ्टबाहेरच्या इतरांची साधनं बरीच आहेत आणि घरच्या यंत्रावर कुणी हौसेने वापरली तर माझी हरकत नाही. पण ती एक्स्प्लोररच्या आत शिरून काम करतात, आणि टास्कबारही एक्स्प्लोररच चालवतो. मोठ्या अपडेटमध्ये आतली रचना बदलली की टास्कबार गायब होतो किंवा पडदा सारखा लुकलुकतो, कारण एक्स्प्लोरर कोसळून पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. असं झालं तर कंट्रोल + ऑल्ट + डिलीट दाबावं, कारण तो पडदा एक्स्प्लोररवर अवलंबून नसतो. तिथल्या पॉवर बटणातून शिफ्ट दाबून ठेवत रीस्टार्ट करावं, मग ट्रबलशूट > ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स > स्टार्टअप सेटिंग्ज आणि ४ दाबून सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक गोष्टी चालवणाऱ्या रूपात) जावं. तिथे ते साधन काढून टाकता येतं. ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद असेल तर वाटेत ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच कागदावर किंवा दुसऱ्या यंत्रावर नसेल तर सगळंच अडतं, म्हणून असं कुठलंही साधन घालण्याआधी ती हाताशी ठेवावी.

जे जमत नाही तेही सांगतो. टास्कबार डाव्या बाजूला उभा लावून काम करणाऱ्यांना आमच्या २४एच२ यंत्रांवर मला तो तसा देता आला नाही, कारण सेटिंग्जमध्ये तो पर्याय नाही. त्याची उंचीही विंडोज १०च्या ४० पिक्सेलवरून ४८ झाली आहे आणि १३६६ × ७६८च्या लहान लॅपटॉपवर हा फरक जाणवतो. तिथे ‘ऑटोमॅटिकली हाइड’ चालू करून भागवलं. ज्यांना ते लपणं-उघडणं सहन झालं नाही, त्यांना मोठा मॉनिटर जोडून दिला.