निवांत फिरायचंय? आधी प्रत्येक रात्रीचा हिशोब द्या

क्रोएशियाला जाताना आमचं एकच म्हणणं होतं, धावपळ नको. स्प्लिट शहरात भाड्याने गाडी घ्यायची, फेरीबोटीत घालून ह्वार बेटावर न्यायची, आवडलं तर राहायचं, नाहीतर पुढे कोर्चुला बेट, शेवटी डुब्रोव्हनिक शहर. प्लॅन संपला.

मग आला व्हिसा. २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात) आहे, त्यामुळे ९० युरो फी, किमान ३०,००० युरोचा इन्शुरन्स वगैरे ठरलेलंच, ते पटकन झालं. अडलं ते अर्ज घेणाऱ्या काउंटरवर. "मॅडम, ह्वारहून कोर्चुलाला कसं जाणार? तिकीट कुठंय?" म्हटलं गाडीने, मग फेरी, मग परत गाडी, परत फेरी. "हो, पण तिकीट?" आता तिथल्या या छोट्या फेऱ्यांचं आपल्या दाभोळ-धोपाव्यासारखंच आहे, जेटीवर जायचं, रांगेत गाडी लावायची, जी बोट मिळेल ती, तिकीट काढलं तरी ठराविक बोटीवर जागा राखून मिळत नाही. हे मी सांगतेय आणि तो माणूस स्क्रीनकडे बघून "अंतर्गत प्रवासाचा पुरावा" एवढंच म्हणतोय. वर एका रात्रीचं हॉटेल बुकिंग नाही म्हणून फाईल बाजूला! अहो, ती रात्र मुद्दाम मोकळी ठेवली होती, त्यासाठीच तर चाललो होतो!! मागे रांग वाढतेय, लोक माझ्याकडे बघतायत, नवरा म्हणतोय जाऊ दे, आणि मला काही जाऊ देववेना.

शेवटी तिथेच बसून मोबाईलवर फ्री कॅन्सलेशनवालं हॉटेल टाकलं, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट आणली (त्याचा धंदा कशावर चालतो ते तेव्हा कळलं), आणि तारीख, मुक्काम, गाडी की फेरी असा तक्ता हाताने लिहून गाडीच्या बुकिंगला जोडला. घेतला की मुकाट्याने! व्हिसा द्यायचा की नाही ते दूतावास ठरवतो, काउंटरवाला नाही, त्यामुळे त्याच्या चेहऱ्याला घाबरू नका. कागद कमी आहे म्हणाला तरी तसं लिहून देऊन अर्ज घ्यायला सांगता येतं, हे मला घरी आल्यावर कळलं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात जाणार असाल तर थांबू नका.

व्हिसा आला, पण सिंगल एंट्री, म्हणजे एकदा बाहेर पडलात की त्यावर परत आत येता येत नाही. म्हणून हे नीट वाचा: डुब्रोव्हनिकच्या किनारी रस्त्यात नेउमला बोस्नियाचा छोटा तुकडा मध्ये येतो आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही, तिकडे शिरलात तर शेंगेनमधून बाहेर पडलात. २०२२ मध्ये हा तुकडा टाळून नेणारा पेल्येशाट्सचा पूल झाला, टोल नाही, त्यावरूनच जा, मॅप काहीही दाखवू दे. आम्ही ह्वारच्या सुचुरायहून फेरीने द्रवेनिकला उतरलो, मग पूल, मग ओरेबिचहून कोर्चुला. परतताना स्तोनला कालवं खाल्ली, मिठागरं बघितली, मस्त.

हां, स्प्लिटहून गाडी न्यायची तर बोट स्तारी ग्रादची, ह्वार गावाची कॅटामरान फक्त माणसं नेते. आणि आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, गाडीच्या डिपॉझिटला क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. नवऱ्याचं कार्ड होतं म्हणून गाडी त्यानेच चालवली, मी डावीकडचा समुद्र की उजवीकडचा एवढंच ठरवत होते.