ब्लेड एका दिवसात होईल का?

मी नोकरीनिमित्त स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानात राहतो, हे कळलं की युरोपच्या सहलीला निघालेले नातेवाईक, मित्र आणि मित्रांचे मित्र हमखास विचारतात, "तळ्यातल्या बेटावर चर्च आहे ते ब्लेड तुमच्याकडेच ना? सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का? आणि तिथे बघायचं काय काय?" फोनवर घाईघाईत सांगताना बरंच राहून जातं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून इथे सविस्तर लिहितो.

एका दिवसात होतं. ल्युब्लियानाहून थेट बस साधारण सव्वा तासात पोचवते. ट्रेनने गेलात तर लेस्त्से-ब्लेड स्टेशनवर उतरून पुढचे चार किलोमीटर पुन्हा बसच घ्यावी लागते, त्यामुळे बसच बरी. बेट, किल्ला, केक, फोटो, की संध्याकाळी परत. तरीही माझं म्हणणं असं की एक रात्र तिथे राहाच. उन्हाळ्यात दुपारभर काठावर टूरबसची माणसं मावत नाहीत आणि संध्याकाळी त्या बस निघून जातात. तळ्याला पूर्ण फेरी मारायची ती त्यानंतर, नाहीतर अगदी सकाळी. वाट सहा किलोमीटरची, जवळजवळ सगळी सपाट. आईबाबांना गुडघ्याचा त्रास असला तरी थांबत थांबत होण्यासारखी.

बेटावर जायला प्लेत्ना नावाची होडी असते. सपाट तळाची, लाकडी, वर रंगीत कापडाचं छत. नावाडी मागच्या टोकाला उभा राहून दोन वल्ह्यांनी ती चालवतो. दक्षिण काठावरच्या म्लिनो गावातल्या घराण्यांमध्ये हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. निघण्याआधी नावाडी माणसांकडे एक नजर टाकतो आणि कोणी कुठे बसायचं ते सांगतो, कारण दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं. नवराबायकोला समोरासमोर बसवलं तर रागावू नका आणि मधेच फोटोसाठी उभे राहू नका. तळ्यात इंजिनाच्या होड्यांना बंदी आहे, त्यामुळे वाटेत ऐकू येतं ते वल्ह्यांचं पाणी आणि माणसांचं बोलणं, बस.

बेटावर उतरलं की समोर ९९ पायऱ्या. इथे लग्न करणाऱ्या नवऱ्या मुलाने नवरीला उचलून या सगळ्या पायऱ्या चढायच्या अशी रीत आहे आणि तिने तोवर एक शब्द बोलायचा नाही. चर्चमधली घंटा १५३४ सालची. दोर ओढून ती वाजवली की इच्छा पुरी होते म्हणतात, त्यामुळे ती दिवसभर वाजतच असते आणि पाण्यावरून सगळीकडे ऐकू येते. किल्ला बेटावर नाही, तळ्याकाठच्या उंच कड्यावर आहे. त्याचा पहिला लेखी उल्लेख १०११ सालचा. वर जा ते मुख्यतः गच्चीवरून खाली बघायला. पण फोटोत दिसतं ते बेटाचं दृश्य हवं असेल तर ते किल्ल्यावर नाही, पश्चिमेच्या माला ओसोय्नित्सा या टेकडीवर आहे. चढ खडा आहे, बूट चांगले हवेत.

आता जे कुणी विचारत नाही, पण मला सांगावंसं वाटतं ते. मी कोल्हापूरचा, रंकाळ्याच्या काठी वाढलो. सांडपाणी येऊन मिळालं की तळ्याचं काय होतं ते मी लहानपणापासून बघितलंय. ब्लेडचंही तेच झालं होतं. सांडपाण्यामुळे शेवाळ माजलं, तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला. मग १९६४ साली शेजारच्या रादोव्ना नदीचं स्वच्छ, थंड पाणी तळ्यात आणलं. तेवढ्याने तळाचं पाणी हलेना, म्हणून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एक मोठी वक्रनलिका (सायफन) बसवली. ती खोलवरचं सडकं पाणी ओढून बाहेर नदीकडे सोडते. त्याचबरोबर सांडपाण्याच्या वाहिन्या झाल्या, आणि काळजी घेणं अजून थांबलेलं नाही. उन्हाळ्यात त्या पाण्यात पोहायला मिळतं ते यामुळे. पोहण्याचे कपडे नक्की घ्या. मुलं तर बाहेर यायलाच तयार नसतात.

या गावाला पाहुणे येऊ लागले तेही आधी देखाव्यासाठी नव्हे, तब्येतीसाठी. आर्नोल्ड रिक्ली नावाच्या स्विस माणसाने १८५५ साली इथे निसर्गोपचार केंद्र काढलं. तो रोग्यांना पहाटे अनवाणी डोंगरात चालवायचा, ऊन आणि हवा अंगावर घ्यायला लावायचा.

खाण्याचं. क्रेमश्निता नावाचा इथला केक चुकवू नका. खाली-वर कुरकुरीत पापुद्रे, मधे व्हॅनिला कस्टर्डचा जाड थर, त्यावर फेटलेली साय, आणि बशी ठेवताना सगळं थरथरतं. ब्लेडची ही खास पाककृती १९५३ साली पार्क हॉटेलात ठरली. त्यात अंडं असतं, न खाणाऱ्यांना आधी सांगा. जेवणात झ्गांत्सी, म्हणजे कुट्टूचं पीठ घट्ट शिजवून केलेला पदार्थ, मिळतो, पण त्यावर बहुधा डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात. शाकाहारींनी ते नको म्हणून स्पष्ट सांगावं.

दुसरा दिवस हाताशी असला तर सकाळी व्हिंटगारची घळ. रादोव्नाने कापलेली ही सुमारे दीड किलोमीटरची चिंचोळी वाट १८९३ साली लोकांसाठी खुली झाली. कड्याला टेकवलेल्या लाकडी फळ्यांवरून चालायचं, पायाखाली हिरवट पाणी. तिकीट आधी ऑनलाइन काढा. आत एकाच दिशेने जाऊ देतात, परतीची वाट वेगळी आहे, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. हिवाळ्यात घळ बंद असते.

दुपारी ब्लेड येझेरो या छोट्या स्टेशनावरून बोहिन्स्का बिस्त्रित्साची ट्रेन पकडा. तळ्याच्या पश्चिम टोकापासून थोडा चढ चढला की स्टेशन. १९०६ साली सुरू झालेला हा मार्ग बोगदे, पूल आणि नदी यांच्या संगतीने जातो. उतरल्यावर बसने बोहिनचं तळं गाठायचं. हे ब्लेडपेक्षा बरंच मोठं. मधे बेट नाही, काठावर मोठी हॉटेलं नाहीत, डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. केबल कारने व्होगेल डोंगरावर गेलात आणि आकाश मोकळं असलं तर देशातला सर्वांत उंच, २,८६४ मीटरचा त्रिग्लाव डोंगर समोर दिसतो. परतीच्या ट्रेनची वेळ मात्र जातानाच बघून ठेवा. गाड्या थोड्या आहेत, आणि एक चुकली की पुढचीसाठी बराच वेळ बसावं लागतं.