दट्ट्या का अडला?
आज सातवीच्या वर्गात बिनसुईच्या सिरिंज नेल्या. टोकावर बोट धरून हवा दाबली, दट्ट्या निम्म्यापर्यंत आत गेला. मग पाणी भरलं. दट्ट्या जागचा हलेना! एक मुलगी अंगठा लाल होईपर्यंत दाबत राहिली आणि म्हणाली, "सर, आत जागाच नाहीये."

स्थायू, द्रव, वायूच्या व्याख्या मी कितीदा फळ्यावर लिहून दिल्यात, पण कणांमधलं अंतर असं मुलांच्या बोटांना कधी जाणवलं नव्हतं. मग शाईचा थेंब. न ढवळता पाण्यात उतरणारा तो निळा धागा सगळे श्वास रोखून बघत होते. (१८२७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनला सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात थरथरणारे कण दिसले होते, तेही सांगितलं.)

घंटा झाली तरी मागच्या बाकावरून प्रश्न आलाच: "मग दोन कणांच्या मधे काय असतं?" उद्याचा तास त्यालाच.