तुम्ही विचारलंत म्हणून: प्रॅक्टिस सोडून शिकवत का राहिलात?

मानसोपचारात एमडी करणारी माझी मुलं विचारतात, पाहुणेरावळे विचारतात, बरोबरीचे डॉक्टर तर हमखास विचारतात: "मॅडम, लातुरात स्वतःचं हॉस्पिटल टाकलं असतं तर रांग लागली असती. मेडिकल कॉलेजात शिकवत का राहिलात?"

रांग लागली असती, हे खरं आहे. मराठवाड्यात मानसोपचारतज्ज्ञ मोजके, त्यातले बहुतेक मोठ्या शहरांत. राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यातलं एकही आपल्याकडे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तर केरळ सोडलं, तर पाहणी केलेल्या एकाही राज्यात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा भरत नव्हता. मी रात्रीपर्यंत ओपीडी केली तरी किती पेशंट बघणार?

पण माझ्या हाताखालून गेलेला एमबीबीएस डॉक्टर उद्या किनवटला नाहीतर भूमला सरकारी दवाखान्यात बसणार आहे. त्याच्यापुढे बाई येऊन सांगणार, "डोकं जड पडतंय, हातापायाची आग होतीय, कशात करमत नाही." मला डिप्रेशन आहे, असं म्हणत कुणी येत नाही. डॉक्टरला ओळखता आलं नाही, की एक सलाईन, बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन आणि बाई घरी. तिथून पुढे देवऋषी.

एमबीबीएसला आमच्या विषयाचा वेगळा पेपर नाही. प्रश्न येतात ते मेडिसिनच्या पेपरात, म्हणून मुलं तेवढ्यापुरतंच वाचतात. इंटर्नशिपमध्ये मात्र आता दोन आठवडे सक्तीचे आहेत. त्या दोन आठवड्यांवर माझा सगळा जीव आहे.

मी इंटर्नना मेडिसिनच्या वॉर्डात घेऊन जाते, फवारणीचं औषध पिऊन आलेल्या पेशंटकडे. विषबाधेचा उपचार मुलांना तोंडपाठ असतो: आकसलेल्या बाहुल्या, तोंडाला लाळ, उतारा म्हणून अॅट्रोपिन किती आणि कधी. काही दिवसांनी पेशंट उठून बसतो, डिस्चार्जचा कागद तयार होतो. माझा तास तिथे सुरू होतो. स्टूल ओढून बस म्हणते, फाइल मिट, नातेवाइकांना जरा बाहेर थांबव. "मामा, जेवण गेलं का?" इथून सुरुवात. मग झोप, घर, देणं. आणि मग आडवळण न घेता, "जीव द्यावा असं अजून मनात येतं का?"

इथे मुलांची जीभ अडखळते. विचारलं तर आपणच डोक्यात घालू, ही भीती. तसं होत नाही; विचारल्यानं माणूस मोकळा होतो. एका मुलीनं धीर करून असं विचारलं, तेव्हा ते गृहस्थ चादरीचा काठ पिळत राहिले आणि हळूच म्हणाले, "अर्धा डबा अजून गोठ्यात हाय." तिनं लगेच बाहेर जाऊन त्यांच्या भावाला गाठलं, तो डबा आजच घरातून हलवायला लावला, आणि पुढच्या भेटीची तारीख दोघांनाही लिहून दिली. हे पुस्तकात असतं, पण पुस्तकातून येत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायला सांगितलंय. सरकारी दवाखान्यांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजारांचं प्राथमिक प्रशिक्षण द्यायचं, हेही त्याच कायद्यात आहे. ते देणार कोण? शिकवणारेच ना! म्हणून आमचं काम कॉलेजच्या फाटकाशी थांबत नाही. वैद्यकीय अधिकारी, नर्स, आशाताई, सगळ्यांना शिकवावं लागतं. माझ्या मते आशाताईंसारखे विद्यार्थी नाहीत. कुठल्या घरची बाई महिनाभर दारात दिसली नाही, कुणाच्या पोरानं शेतात जायचं सोडलं, हे त्यांना आमच्या आधी ठाऊक असतं.

पैसा प्रॅक्टिसपेक्षा कमी, बदलीची टांगती तलवार, बढतीसाठी शोधनिबंध लागतात. हे लपवून कुणाला बोलावणार नाही.

एमडीला असाल आणि मन ठरत नसेल, तर सहायक प्राध्यापक व्हायला नाहीतरी वर्षभराची सिनियर रेसिडेन्सी, म्हणजे एमडीनंतरची कॉलेजच्या रुग्णालयातली नोकरी, लागतेच. ती अंबाजोगाई, नांदेड, लातूर अशा सरकारी कॉलेजात करा. पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांकडून इंटर्नची एक बॅच मागून घ्या आणि तिला वर्गात न बसवता थेट मेडिसिनच्या वॉर्डात न्या.